गोठ्यातील धूळ

मुलांनो, तुम्ही मैदानावर कबड्डी खेळून घरी येता तेव्हा तुमच्या पायांवर धूळ असते, गुडघ्यांना माती लागलेली असते आणि नखांत काळी रेघ दिसते. दारातच आई म्हणते, "आधी हातपाय धुऊन ये. हात धुतल्याशिवाय ताटाला शिवायचे नाही." तेवढ्यात आतून आजी म्हणते, "अगं, खेळू दे की मातीत. मातीनेच पोरं घट्ट होतात."

आता यांत खरे कोणाचे? तुम्ही लगेच म्हणाल, आईचे. तुमच्या पुस्तकांतही तसेच लिहिलेले असते. पण मग आजीचे म्हणणे अगदीच खोटे आहे का? या प्रश्नाचा शोध अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी घेतला आहे. त्यांतल्या दोन हकीकती अमेरिकेतल्या आहेत. दोन्हींत अनवाणी फिरणारी मुले आहेत. एका ठिकाणी मातीमुळे मुले आजारी पडली. दुसऱ्या ठिकाणी धुळीने मुलांना एका आजारापासून वाचवले. हे कसे काय, ते आपण पाहू.

त्याआधी माती म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. बागेतली चिमूटभर माती तळहातावर घ्या. नुसत्या डोळ्यांनी तुम्हांला तिच्यात खडे, काड्या आणि फार तर एखादी मुंगी दिसेल. पण शेतातल्या चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. ते इतके लहान असतात, की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. वाळलेली पाने, मेलेले किडे, शेण या सगळ्याचे खत हेच जीवाणू करतात. ते नसते तर झाडांखाली पाचोळ्याचे डोंगर साचले असते.

पहिल्या पावसाची सर आली, की मातीचा किती छान वास सुटतो! त्याला आपण मृद्गंध म्हणतो. तो वास काही नुसत्या मातीचा नसतो. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू राहतात. ते जो पदार्थ तयार करतात, त्याचा हा वास असतो. याच कुळातल्या एका जीवाणूने माणसावर फार मोठे उपकार केले आहेत. १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, रटगर्स येथे, अल्बर्ट शाट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मातीतले जीवाणू तपासत होता. त्याला त्यांच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले. क्षयरोगावर चालणारे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक औषध. त्याचे गुरू सेल्मन वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शाट्झला मात्र त्यात वाटा मिळाला नाही. आपण तरी गुरूबरोबर या शिष्याचेही नाव लक्षात ठेवू या.

पण माती ही नुसती औषधांची पेटी नव्हे. धनुर्वाताचे जंतूही मातीतच असतात. म्हणून तर गंजका खिळा पायात गेला, की मोठी माणसे इंजेक्शन घ्यायला नेतात. आणि आता जी पहिली हकीकत सांगायची आहे, तीही मातीतल्या एका शत्रूचीच आहे.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची आणि तंबाखूची शेती होती. हवा उष्ण आणि दमट. शेतकरी गरीब. त्यांची मुले वर्षातले बरेच महिने अनवाणीच हिंडत. अशी पुष्कळ मुले फिकट, अशक्त आणि सुस्त दिसत. चार पावले धावली की त्यांना धाप लागे. शाळेत त्यांचे लक्ष लागत नसे. वयाच्या मानाने त्यांची वाढही होत नसे. काही मुलांना तर माती खाण्याची सवय लागलेली असे. बाहेरचे लोक म्हणत, "ही माणसेच आळशी!" एखाद्याला आळशी म्हणून मोकळे होणे किती सोपे असते, नाही का?

चार्ल्स स्टाइल्स नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. प्राण्यांच्या आतड्यांतील जंतांचा त्यांचा अभ्यास होता. ही मुले आळशी नसून आजारी आहेत, हे त्यांनी ओळखले. १९०२ साली त्यांनी या आजारामागचा अमेरिकेतील कृमी शोधून दाखवला. त्याला आपण अंकुशकृमी म्हणतो. तो जेमतेम एक सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा बारीक असतो. आतड्याच्या आतल्या भिंतीला तो तोंडाने घट्ट धरतो आणि रक्त पितो. एकदोन कृमी असले तर फारसे काही होत नाही. पण शेकडो झाले, की अंगातले रक्त कमी होत जाते. वर्तमानपत्रांनी मात्र स्टाइल्स यांची थट्टाच केली. "आळसाचा जंतू सापडला!" असे त्यांनी छापले.

हा कृमी पोटात जातो तरी कसा? त्याचा प्रवास ऐकून तुम्ही थक्क व्हाल. आजारी माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. त्या काळी तेथील खेड्यांत पुष्कळ घरांना नीट संडास नव्हते. लोक झाडीत किंवा शेताच्या कडेला बसत. ओलसर, सावलीतल्या मातीत ती अंडी उबत आणि त्यांतून बारीक अळ्या निघत. तिथून एखादे मूल अनवाणी गेले, की अळ्या त्याच्या बोटांच्या बेचक्यांतील नाजूक कातडीतून आत शिरत. तिथे खाज सुटे. पुढे रक्तावाटे अळ्या फुप्फुसांत पोचत. तिथून त्या घशाशी येत, गिळल्या जात आणि अखेर आतड्यात जाऊन बसत. पायातून निघालेली वाट अशी पोटात संपत असे!

१९०९ साली जॉन रॉकफेलर या धनवान उद्योगपतीने या रोगाशी लढण्यासाठी दहा लाख डॉलर दिले. मग डॉक्टरांची पथके अकरा राज्यांतल्या खेड्यापाड्यांत गेली. तपासणी केली तेव्हा शंभरांपैकी सुमारे चाळीस शाळकरी मुलांच्या पोटांत हे कृमी आढळले. गावात मोकळ्या जागी दवाखाना मांडत. टेबलावर बाटल्यांत कृमी ठेवलेले असत. शेजारी सूक्ष्मदर्शक असे. लोक डब्यांत जेवण बांधून, अगदी जत्रेला यावे तसे, घरच्या सगळ्यांना घेऊन येत, आपल्या आजाराचे कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आणि औषध घेऊन जात. औषध होते थायमॉल. तुमच्या घरातल्या ओव्याला जो उग्र वास येतो, तो याच पदार्थाचा. पण ते औषध फार जपून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागे. ओवा खाऊन अंकुशकृमी पळतात असे मात्र समजू नका हं!

औषधाने पोट साफ झाले तरी अंगण तेच राहिले, तर कृमी पुन्हा शिरणारच. म्हणून पथकांतील लोक घरोघर जाऊन संडास बांधायला सांगत आणि तो कसा बांधायचा हेही शिकवत. लाखो लोकांना औषध मिळाले. पुढे २००७ साली एका अर्थशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला. जिथे हा रोग जास्त होता, तिथे मोहिमेनंतर शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, लिहितावाचता येणारेही वाढले, असे त्याला आढळले. मुले आळशी नव्हती हेच खरे.

आपल्याकडेही हा शत्रू आहे. २०१५ सालापासून भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळेत आणि अंगणवाडीत जी गोळी चावून खायला देतात, ती अल्बेंडाझोलची असते. ती अशाच जंतांसाठी असते.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे आईचेच खरे. थांबा. अजून आजीची बाजू यायची आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेत आणि युरोपात स्वच्छता झपाट्याने वाढली. गटारे झाकली गेली. घरोघर नळ आले. १९०८ साली जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली, आणि पुढे इतर शहरांनीही तेच केले. विषमज्वर आणि हगवण यांनी मरणारी माणसे वाचू लागली. लशी आल्या. हे सगळे फार चांगले झाले, यात काहीच शंका नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांना एक नवीच गोष्ट दिसू लागली. मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी वाढत चालली होती. फुलांचे पराग नाकात गेले, की शिंकांवर शिंका. धूळ उडाली, की छातीत घरघर.

ॲलर्जी म्हणजे काय? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या पहारेकरी आहेत. रोगजंतू आत शिरला, की त्या त्याच्यावर तुटून पडतात. पण पहारेकऱ्याला चोर कोण आणि पाहुणा कोण, हे ओळखता यायला हवे. नाहीतर दारात आलेल्या पोस्टमनलाच तो काठी मारायचा! ॲलर्जीत तसेच होते. पराग किंवा धुळीचा कण काही रोगजंतू नव्हे. तरी पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढायला उठतात आणि त्या लढाईत आपलेच नाक वाहते, आपलीच श्वासनळी आवळते.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्या मुलांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागांची ॲलर्जी कमी, असे त्यांना दिसले. त्यांनी अंदाज केला, की मोठी भावंडे बाहेरून जंतू घरी आणतात आणि त्यामुळे धाकट्यांच्या शरीराला लवकर शिकायला मिळते. आता ताईने किंवा दादाने शाळेतून सर्दी आणली, तर तिच्यावर किंवा त्याच्यावर किती रागवायचे ते तुम्हीच ठरवा! हा अंदाज पुढे सगळाच्या सगळा टिकला नाही. सर्दी, गोवर, हगवण अशा आजारांमुळे ॲलर्जी टळत नाही, असे इतर शास्त्रज्ञांनी दाखवले. २००३ साली ग्रॅहॅम रूक यांनी वेगळी कल्पना मांडली. माणूस हजारो वर्षे माती, गुरे आणि झाडे यांच्या सोबतीने राहिला. त्यांच्यातले निरुपद्रवी सूक्ष्मजीव म्हणजे आपले 'जुने मित्र'. पांढऱ्या पेशींना शिकवण्याचे काम हे मित्र करतात, रोगजंतू नव्हे.

ही कल्पना खरी की खोटी, हे कसे पडताळायचे? त्यासाठी अगदी सारखी राहणारी, पण एकाच गोष्टीत वेगळी असणारी माणसे हवीत. अशी माणसे अमेरिकेत सापडली.

अमेरिकेत आमिश नावाचे लोक राहतात. ते मोटार बाळगत नाहीत. घोड्याच्या बग्गीतून जातात. शेत नांगरायलाही घोडेच जुंपतात. पुरुष गवताच्या रुंद हॅट घालतात. पुष्कळ कुटुंबांचे आपले छोटे शेत आणि घराला लागूनच दुभत्या गाईंचा गोठा असतो. दुसरे लोक हटराइट. तेही शेतकरीच. पण त्यांची शेती सामाईक असते. सगळे मिळून एका वस्तीत राहतात, एका भोजनगृहात जेवतात आणि मोठमोठ्या यंत्रांनी शेती करतात. त्यांचे गोठे प्रचंड मोठे आणि राहत्या घरांपासून दूर असतात.

दोघांचेही पूर्वज युरोपातल्या आल्प्स पर्वताच्या परिसरातले. आमिश अठराव्या शतकात अमेरिकेत आले, हटराइट १८७० नंतर. दोघांच्याही घरांत मुले पुष्कळ. दोघांचे जेवण बरेचसे सारखे. घरात कोणी सिगारेट ओढत बसत नाही. कुत्री-मांजरे घरात ठेवत नाहीत. बाळांना आईचे दूध बराच काळ मिळते. अभ्यासातल्या दोन्हीकडच्या मुलांना लशीही टोचलेल्या होत्या. तरी एका गोष्टीत जमीन-अस्मानाचा फरक होता. आमिश शाळकरी मुलांत शंभरांपैकी सुमारे पाच जणांना दमा होता, तर हटराइट मुलांत सुमारे एकवीस जणांना!

शिकागो विद्यापीठातील कॅरोल ओबर, जर्मनीतील एरिका फॉन म्युटिउस आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. इंडियाना राज्यातील तीस आमिश मुले आणि साउथ डकोटा राज्यातील तीस हटराइट मुले त्यांनी निवडली. मुले सात ते चौदा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची किंवा तुमच्याहून थोडी मोठी. त्यांचे रक्त तपासले. काही घरांतली धूळही गोळा केली. हो, धूळच! दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत धूळ टिपणारी कापडे ठेवली आणि नंतर ती प्रयोगशाळेत नेली.

घरे दोघांचीही स्वच्छ, नीटनेटकी होती. पण आमिशांच्या घरातल्या धुळीत जीवाणूंच्या आवरणाचे तुकडे हटराइटांच्या धुळीपेक्षा जवळजवळ सात पट होते. ते कुठून आले? गोठ्यातून. आमिश मुले दिवसभर घरातून गोठ्यात आणि गोठ्यातून घरात पळत असतात, पुष्कळदा अनवाणीच. गाई, घोडे, वासरे यांच्यात ती वाढतात. गोठ्यातले सूक्ष्मजीव त्यांच्या पायांनी आणि कपड्यांनी घरात येतात. या मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वेगळ्या आढळल्या. जणू त्यांना आधीच शिकवून शहाणे केले होते.

पण हा धुळीचाच प्रताप कशावरून? शास्त्रज्ञांनी मग उंदरांवर प्रयोग केला. उंदरांना अंड्यातील एका प्रथिनाने दम्यासारखा त्रास होईल अशी व्यवस्था केली. काही उंदरांच्या नाकांत दर दोनतीन दिवसांनी आमिशांच्या घरातली धूळ सोडली, काहींच्या नाकांत हटराइटांच्या घरातली. आमिश धूळ हुंगलेल्या उंदरांना त्रास फारच कमी झाला. हटराइट धूळ हुंगलेल्यांना तसा फायदा झाला नाही. पुढे त्यांनी आणखी एक युक्ती केली. जीवाणूंची चाहूल लागताच शरीराला इशारा देणारी यंत्रणाच ज्यांच्यात नाही, असे उंदीर घेतले. त्यांच्यावर आमिश धुळीची जादू चालली नाही. म्हणजे धुळीतल्या जीवाणूंचा निरोप शरीराला मिळतो आणि त्या निरोपाने काम होते. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला स्वतःला त्यातला धूळ गोळा करण्याचा भाग सर्वांत आवडतो. जी वस्तू आपण झाडून केरात टाकतो, तीच कोणीतरी जपून प्रयोगशाळेत नेली!

आता दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहा. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातली मुलेही अनवाणी आणि इंडियानातली आमिश मुलेही अनवाणी. मग एकीकडे रोग आणि दुसरीकडे रक्षण असे का? कारण पायाला लागलेली घाण एकच नव्हती. दक्षिणेतल्या मातीत माणसांची विष्ठा होती आणि तिच्यातून आलेले कृमी होते. आमिशांच्या अंगणात गुराढोरांचे आणि गवताचे सूक्ष्मजीव होते. आमिशांकडे संडास होते, आणि त्यांची मुले घाणीत राहत नव्हती. तेव्हा 'माती चांगली की वाईट' असे विचारण्यापेक्षा 'कोणती माती, तिच्यात काय आहे' असे विचारलेले बरे. अमेरिकेतल्या जुन्या शहरांत तर आणखी एक गोष्ट सापडते. पूर्वी रंगांत आणि पेट्रोलमध्ये शिसे घालत. घरांसाठीच्या रंगांत ते घालण्यास १९७८ साली बंदी झाली, पण जुन्या घरांभोवतीच्या मातीत शिसे अजून आहे. त्या मातीत खेळणे मुलांच्या मेंदूला घातक. तिथे जीवाणूंचा प्रश्नच नाही.

हा अभ्यास वाचून काही लोक म्हणू लागले, की आता हात धुवायला नकोत आणि कच्चे दूधही चालेल. पण अभ्यासातून तसे काही निघत नाही. कच्च्या दुधातून रोगजंतू पोटात जातात, म्हणून ते उकळूनच प्यावे लागते. गुरांपासूनही माणसाला काही रोग होतात. ज्याला आधीच दमा आहे, त्याने गोठ्यात जाऊन धूळ हुंगली तर त्याचा दमा वाढेल, बरा होणार नाही. पांढऱ्या पेशींचे हे शिक्षण अगदी लहानपणी सुरू होते.

मग हात धुवायला जंतुनाशक साबण हवा का? तेही नको. २०१६ सालीच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान आणि तशी आणखी अठरा रसायने घातलेले हात धुण्याचे साबण विकण्यास मनाई केली. साध्या साबणापेक्षा ते अधिक चांगले आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आले नाही. साधा साबण आणि पाणी रोगजंतूंना हातांवरून वाहून नेते, तेवढे पुरते. कराचीत झालेल्या एका अभ्यासात ज्या घरांना साबण दिला आणि हात धुण्याची सवय लावली, त्या घरांतल्या मुलांची हगवण निम्म्याने कमी झाली. साबण साधा असो की जंतुनाशक, फरक पडला नाही.

गोठा नसलेल्या शहरी मुलांनी काय करायचे, याचा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. तिथल्या शहरी बालवाड्यांच्या अंगणांत नुसती खडी होती. काही बालवाड्यांत शास्त्रज्ञांनी जंगलातल्या जमिनीचे थर, हिरवळ आणि रोपांच्या पेट्या आणून ठेवल्या. तीन ते पाच वर्षांची मुले रोज तिथे खेळली, माती उकरली, रोपे लावली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या कातडीवर पूर्वीपेक्षा अधिक तऱ्हांचे जीवाणू दिसू लागले. पहारेकऱ्यांना आवरून धरणाऱ्या, उगाच भांडू नका असे सांगणाऱ्या पेशीही त्यांच्या रक्तात वाढल्या. खडीच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांत हा बदल दिसला नाही. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ७५ मुले होती. त्यांना मोठेपणी ॲलर्जी कमी होते का, हे ती मोठी झाल्यावरच कळेल.